पहिला आलेला गडी हरला कसा?

आमचे धाकटे काका कोल्हापुरात असतात आणि मी अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला जॉन्स क्रीक नावाच्या गावात. रविवारी फोन झाला की पाऊस, ऊस आणि गुडघे एवढं उरकल्यावर इथल्या निवडणुकीबद्दलचा काकांचा प्रश्न ठरलेला: "व्हय गं, तुमच्यात पयला आलेला गडी हरतोय कसा?" काकाच कशाला, कॉलेजच्या मैत्रिणी विचारतात, आणि दुसऱ्या राज्यातून इथे नव्यानं आलेली मराठी कुटुंबंसुद्धा विचारतात. फोनवर दर वेळी अर्धवटच सांगून होतं. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आज बैठक मारून लिहिते.

गडी म्हणजे डेव्हिड पर्ड्यू, रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या वरच्या सभागृहाचे खासदार. 3 नोव्हेंबर 2020 ला त्यांना 24 लाख 62 हजार मतं पडली. समोरचे जॉन ऑसॉफ, वय 33, डेमोक्रॅट, त्यांना 23 लाख 74 हजार. आपल्याकडे असतं तर त्याच रात्री गुलाल उधळला असता. पण शेन हेझल नावाच्या लिबर्टेरियन पक्षाच्या उमेदवाराने सव्वा दोन टक्के मतं खाल्ली आणि पर्ड्यू अडकले 49.7 टक्क्यांवर. जॉर्जियात नुसतं पहिलं येऊन भागत नाही, निम्म्याहून जास्त मतं लागतात. चौदा हजार मतंसुद्धा कमी पडली नव्हती, पण पडली ती पडली. मग पहिल्या दोघांत पुन्हा लढत, 5 जानेवारी 2021 ला.

त्याच दिवशी दुसऱ्या जागेचाही निकाल लागायचा होता. जॉनी आयझॅकसन यांनी तब्येतीमुळे मुदत संपायच्या आधी सिनेट सोडलं, राज्यपालांनी त्यांच्या जागी केली लोफ्लर यांना नेमलं आणि उरलेल्या मुदतीसाठी वीस जण उभे राहिले. त्यात पहिले आले राफाएल वॉर्नॉक, मार्टिन ल्यूथर किंग ज्या चर्चमध्ये प्रवचनं द्यायचे त्या एबेनेझर चर्चचे पाद्री. तिथेही निम्मी मतं कुणालाच नाहीत. लोफ्लर दुसऱ्या.

आता गंमत अशी की उरलेल्या देशाची मोजणी झाली तेव्हा सिनेटमध्ये रिपब्लिकन 50 आणि डेमोक्रॅट 48 होते. या दोन्ही जागा डेमोक्रॅटांनी घेतल्या तर 50-50, आणि बरोबरी झाली की उपाध्यक्ष कमला हॅरिस यांचं मत निर्णायक. म्हणजे बायडन सरकारचे कायदे होणार की अडणार ते आमच्या राज्यावर येऊन ठेपलं. अख्खी अमेरिका नऊ आठवडे आमच्या अंगणात येऊन बसली म्हणा ना.

अंगणात हे शब्दशः घ्या. सकाळी दहाच्या सुमाराला बेल वाजायची, दार उघडावं तर मास्क लावलेली, पायरीपासून सहा फूट मागे उभी असलेली पोरं. एक मुलगी कॅलिफोर्नियातून आली होती, हातात फोन, फोनवर आमच्या घरातल्या मतदारांची यादी. माझं नाव तिनं तीन वेळा चुकीचं म्हटलं आणि तीनही वेळा माफी मागितली. टपालाच्या पेटीत रोज सात-आठ गुळगुळीत, वहीच्या पानाएवढी पत्रकं. सासूबाई तेव्हा आमच्याकडे अडकल्या होत्या, विमानं बंद म्हणून. त्यांनी ती पत्रकं मटार सोलायला घ्यायची ठरवली, पण कागद इतका गुळगुळीत की दाणे घरंगळून सोफ्याखाली. "या कागदाला मान नाही," असं म्हणून त्यांनी तो प्रयोग बंद केला. टीव्ही लावला की जाहिरात, यूट्यूबवर भजन लावलं की आधी जाहिरात. दोन्ही जागा मिळून 80 कोटी डॉलरच्या वर खर्च झाला. मत दिलेल्या दर माणसामागे पावणेदोनशे डॉलरच्या आसपास पडले. हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्यातलं तुला किती मिळालं?"

एक जाहिरात मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिली. वॉर्नॉक एका उपनगरात, जॅकेट घालून, बीगल जातीच्या कुत्र्याला फिरवतायत. विरोधक माझ्याबद्दल काय काय पसरवतायत बघा, असं बोलत बोलत कुत्र्याची घाण भरलेली पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकतात. आमच्या गल्लीत ही जाहिरात का चालली ते मला बरोबर कळतं. इथे शेजारी चांगला की वाईट हे त्याची पिशवी बघूनच ठरतं.

आता काकांच्या प्रश्नाकडे. पर्ड्यू हरले कसे? एवढे पैसे ओतून लोकांचं मन बदललं असेल असं वाटतं, पण आकडे वेगळं सांगतात. जानेवारीत पर्ड्यूंना 22 लाख 15 हजार मतं मिळाली आणि ऑसॉफना 22 लाख 70 हजार. नीट बघा, नोव्हेंबरपेक्षा दोघांचीही मतं घटली. ऑसॉफची लाखभर आणि पर्ड्यूंची अडीच लाख. एकाची गळती थोडी, दुसऱ्याची जास्त, आणि 55 हजारांनी निकाल फिरला. अशा फेरीत नवा माणूस जोडायला फारसा वाव नसतो. जो एकदा येऊन गेलाय तो परत येतो का, एवढाच खेळ. लग्नाला आलेला पाहुणा पूजेलाही थांबतो का, तसं.

पर्ड्यूंचे लोक का थांबले नाहीत? माझं मत सांगते, पटलं तर घ्या. नोव्हेंबरपासून ट्रम्प सांगत होते की जॉर्जियातलं मतदान चोरलं गेलं. ज्या माणसाचा त्यांच्यावर विश्वास, त्याने पुन्हा त्याच यंत्रावर मत द्यायला कशाला जावं? 4 जानेवारीला डाल्टनमध्ये त्यांनी प्रचारसभा घेतली, पण तिथेही स्वतःच्या पराभवाचंच गाऱ्हाणं जास्त. पर्ड्यू त्या सभेला नव्हतेच, करोनाबाधिताच्या संपर्कात आल्यामुळे घरी बसले होते. त्यात त्यांची मुदत 3 जानेवारीलाच संपलेली, त्यामुळे मतदानाच्या दिवशी ते सिनेटर उरलेही नव्हते. आणि हे सगळं इतकं काठावरचं होतं की त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, विजेचे दर ठरवणाऱ्या आयोगाची एक जागा रिपब्लिकन उमेदवाराने राखली. त्या माणसाबद्दल आम्हाला कुणी एक पत्रक पाठवलं नव्हतं, आणि वीजबिल मात्र आम्ही दर महिन्याला भरतो.

मी स्वतः डिसेंबरात, मुदतीआधीच्या मतदानाला गेले होते. वाचनालयाच्या बाहेर रांग, हातमोजे, वाफाळते श्वास. पडद्यावर बोट ठेवून निवडायचं, मग छापील कागद बाहेर येतो, तो वाचायचा आणि आपल्याच हाताने स्कॅनरला द्यायचा. बाहेर पडताना पीच फळाचं चित्र असलेला गोल स्टिकर देतात. घरी आल्यावर सासूबाईंनी माझा हात उलटसुलट करून बघितला. "शाई नाही? मग परत जाऊन आलीस तर कोण ओळखणार?" मत कुणाला दिलं ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही.

हा निम्म्याहून जास्त मतांचा नियम आला कुठून, हे मला नागरिकत्व घेतल्यावर बऱ्याच उशिरा कळलं. पूर्वी इथे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या पक्षांतर्गत निवडणुकीत मतं माणसांप्रमाणे मोजत नसत, काउंटीप्रमाणे मोजत. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा, जॉर्जियात त्या 159 आहेत. सर्वांत मोठ्या आठ काउंट्यांना प्रत्येकी सहा मतं, पुढच्या तीसांना चार-चार आणि उरलेल्या 121 ना दोन-दोन. म्हणजे तीन ओसाड काउंट्या मिळून अख्ख्या अटलांटाची बरोबरी करायच्या. 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढलं आणि 1964 मध्ये दुसऱ्या फेरीचा कायदा आला. तो आणणाऱ्या आमदाराने पुढे स्वतःच कबूल केलं की हेतूत वर्णद्वेष होता. गोऱ्यांची मतं फुटून काळ्यांचा उमेदवार निसटता निवडून येऊ नये, ही धास्ती. त्याच फेरीतून वॉर्नॉक जॉर्जियाचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. नियम करणारा एक असतो आणि वापरणारा दुसराच निघतो.

नियमाची ओढाताणही कमी झाली नाही. 1992 मध्ये सिनेटर वाइच फाउलर पहिल्या फेरीत पुढे होते, दुसरीत हरले. ते डेमोक्रॅट, विधिमंडळही तेव्हा डेमोक्रॅटांचं, म्हणून अट 45 टक्क्यांवर आणली. सत्ता बदलली तशी रिपब्लिकनांनी ती 2005 मध्ये पुन्हा पन्नासवर नेली. 2021 च्या पराभवानंतर नवा कायदा करून दोन फेऱ्यांतले नऊ आठवडे चारवर आणले, आणि मतदान केंद्राजवळ रांगेतल्या माणसाला कार्यकर्त्यांनी पाण्याची बाटली देणंही बंद केलं. 2022 ला वॉर्नॉक पुन्हा उभे, समोर अमेरिकन फुटबॉलचे जुने हिरो हर्शेल वॉकर. वॉर्नॉक पुन्हा 49.4 वर अडकले, आम्ही पुन्हा 6 डिसेंबरला रांगेत, आणि वॉर्नॉक पुन्हा जिंकले.

हे सगळं ऐकून काका म्हणायचे, "न्हाई बा डोस्क्यात शिरत. आपल्यात असलं नसतंय." मग जून 2022 ला राज्यसभेची निवडणूक लागली आणि माझं काम सोपं झालं. तशी जुनी सोयरीक आहेच. 1913 च्या घटनादुरुस्तीपर्यंत अमेरिकेतले सिनेटरही राज्याचे आमदारच निवडायचे, आपल्या राज्यसभेसारखे. मुदत आजही दोन्हीकडे सहा वर्षं. महाराष्ट्रात तेव्हा सहा जागांना सात उमेदवार, आणि सहाव्या जागेवर दोघेही कोल्हापूरचे: धनंजय महाडिक आणि संजय पवार. काका रात्रभर टीव्हीसमोर. मोजणीच मध्यरात्र उलटल्यावर सुरू झाली, निकाल पहाटे.

मी फोन केला. "काका, पहिल्या पसंतीची मतं कुणाला जास्त होती?"

"पवारांना. तेहतीस. महाडिकांना सत्तावीस."

"आणि आलं कोण?"

पलीकडे जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "ते दुसऱ्या पसंतीचं गणित हाय गं."

"आमच्यात दुसरी पसंती कागदावर आकडा टाकून सांगत नाहीत, पुन्हा रांगेत उभं राहून सांगतात. एवढाच फरक."

"मग आधीच असं सांगायचंस की." आणि फोन ठेवता ठेवता, "त्या कुत्र्यावाल्या पाद्र्याचं बरं चाललंय न्हवं? कुत्रं काय म्हणतंय?"

कुत्रं त्याचं नव्हतंच काका, जाहिरातीपुरतं आणलेलं होतं.