गोरखा भूकंपाआधीचं आयनांबर तपासताना

मोठ्या भूकंपाआधी आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, बदलतो का, हे जीपीएसवरून तपासायला एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी २५ एप्रिल २०१५ चा नेपाळमधला गोरखा भूकंप घेतला. घरी, लातूरला, सगळ्यांचं एकच: किल्लारी का नाही? कारण साधं आहे. आयजीएस हे जीपीएस स्टेशनांचं जागतिक जाळं रीतसर सुरू झालं १९९४ मध्ये, आणि किल्लारी हादरली ३० सप्टेंबर १९९३ ला.

मोजायचं होतं टीईसी, म्हणजे उपग्रहापासून रिसीव्हरपर्यंतच्या वाटेवरचे एकूण इलेक्ट्रॉन. जीपीएसच्या दोन लहरींना आयनांबरात वेगवेगळा उशीर लागतो, त्या फरकातून ते निघतात. मोठ्या भूकंपाआधी काही दिवस हा आकडा बिघडतो, असा काही संशोधकांचा दावा आहे. लखनौचं स्टेशन केंद्रबिंदूपासून सुमारे ४०० किमीवर. तिथल्या रोजच्या फाइल्स उतरवणं, बायस (उपकरणांची स्वतःची चूक) वजा करणं, हे कंटाळवाणं पण सरळ काम.

पुढची पद्धत ठरलेली. आधीच्या १५ दिवसांचा मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) काढायचा, मध्यक ते चतुर्थक (वरचा किंवा खालचा पाव भाग जिथे तुटतो तो आकडा) हे अंतर दीडपट करून वर-खाली मर्यादा आखायच्या. बाहेर गेलं की विसंगती. मला भरपूर मिळाल्या. मैत्रिणींनी पार्टीही मागितली. मार्गदर्शक मॅडमनी मात्र कागद पुढे सरकवला. वितरण सामान्य धरलं तर ही मर्यादा जेमतेम एका प्रमाण विचलनावर पडते, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश बिंदू भूकंप असो-नसो बाहेर जाणारच! मग सलग काही तास बाहेर असलेलेच धरायचे ठरलं.

त्यात सूर्य, टीईसी त्याच्यामुळेही बिघडतो. १७ मार्च २०१५ चं भूचुंबकीय वादळ त्या सौरचक्रातलं सर्वांत मोठं. त्याची सावली १५ दिवसांच्या मध्यकातून मार्चअखेरपर्यंत पुरली. शिवाय इलेक्ट्रॉनांचा दाट पट्टा अहमदाबाद-भोपाळच्या आसपास असतो. तो जरा उत्तरेला सरकला, की लखनौचा आलेख चढतो.

तुलनेसाठी भूकंपाचा परिणाम न पोचणारं ठिकाण म्हणून बंगळुरू घ्यावं म्हटलं, तर तेही अडलं. भूकंपाच्या 'तयारीच्या क्षेत्रा'चं, म्हणजे भूकंपाआधीच्या खुणा जिथवर दिसू शकतात त्या परिसराचं, प्रचलित सूत्र ७.८ तीव्रतेला २,२०० किमीहून मोठी त्रिज्या देतं. बंगळुरू त्याच्या आतच! इतका ऐसपैस नियम असल्यावर कुठलीही गडबड कुठल्यातरी भूकंपाच्या नावावर टाकता येते, असं माझं मत झालं.

शेवटी लखनौचाच एप्रिल २०१४ घेतला, हिमालयात मोठा भूकंप नसलेला. तिथेही सलग काही तास मर्यादेबाहेर गेलेल्या दुपारी सापडल्या. दोन्ही आलेख शेजारीशेजारी छापले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी २०१४ च्या आलेखावर बोट ठेवून विचारलं, "यातला भूकंप कितव्या तारखेचा?"