सूर्य नव्हता तो, आपली रात्र होती

चोपडा तालुक्यातली आमची विहीर नऊ परस खोल. मी शाळेत असताना मे महिना लागला की तिच्यावरून माय आणि नानांचं रोज वाजायचं. माय पहाटे पाणी शेंदायची, तिला विहीर भरलेली दिसायची. नाना संध्याकाळी मोटर बंद करून डोकवायचे, त्यांना तळ दिसायचा. एक म्हणे "पानी शे", दुसरा म्हणे "पानी नही". दोघंही खरंच बोलत होते.

नववीच्या सुट्टीत मी दोराला हाता-हातावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि एक पूर्ण दिवस, एक पूर्ण रात्र दर तासाला पाणी मोजलं. रात्री नाना कंदील धरून शेजारी बसले. सकाळी वहीत एक रेघ तयार झाली होती. मोटर चालू असताना झरझर उतरणारी, अंधारात हळूहळू चढणारी. त्या रेघेवरून नानांनी केळीला पाणी द्यायची वेळ बदलली.

पुढे तीसेक वर्षं मी सूर्याचे कंप अभ्यासले, आणि काम बरंचसं हेच होतं.

सूर्याचा पृष्ठभाग कण्या रटरटाव्यात तसा सतत रटरटत असतो. एकेक बुडबुडा सुमारे हजार किलोमीटरचा, फुटतो आठ-दहा मिनिटांत. या रटरटीतून ध्वनिलहरी उठतात आणि आत शिरतात. खोल जावं तसं तापमान वाढतं, तिथे ध्वनी जास्त वेगानं धावतो, म्हणून लहर वाकत वाकत पुन्हा वर येते. पृष्ठभागापाशी आली की परत आत ढकलली जाते. लहर अशी कोंडली गेली की पृष्ठभाग वर-खाली हलतो, साधारण पाच मिनिटांत एकदा. तो आवाज आपल्यापर्यंत पोहोचणं शक्य नाही, मध्ये पोकळी आहे. पण पृष्ठभाग आपल्याकडे आला की सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली रेषा निळ्याकडे किंचित सरकते, मागे गेला की तांबड्याकडे. ते सरकणं मोजायचं. रॉबर्ट लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960च्या सुमारास अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत हे कंप पाहिले. ते कोंडलेल्या ध्वनीचे आहेत, हे रॉजर उलरिच यांनी 1970 मध्ये सुचवलं आणि 1975 मध्ये डॉयब्नर यांच्या निरीक्षणांत तसंच दिसलं. एकेक कंप इतका हलका असतो की पृष्ठभाग सेकंदाला वीतभरही हलत नाही. असे लाखो कंप एकमेकांत मिसळलेले.

ते वेगळे करायचे तर सलग बघावं लागतं. इथेच माझी पहिली ठेच.

पीएच.डी.चं दुसरं वर्ष. माझ्याकडे एकाच ठिकाणची निरीक्षणं होती, अर्थातच फक्त दिवसाची. कॉम्प्युटरच्या लांबलचक घडीच्या कागदावर आलेख निघाला, कोणत्या वारंवारितेचा कंप किती जोराचा ते दाखवणारा. प्रत्येक मोठ्या शिखराच्या दोन्ही बाजूंना, अगदी सारख्या अंतरावर, दोन छोटी शिखरं. मला वाटलं, आजवर कोणाला न दिसलेले कंप मला सापडले. आठ दिवस झोप नव्हती. नानांना पत्रही टाकलं.

गाईडनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "अंतर किती आहे?"

"11.57 मायक्रोहर्ट्झ."

"एक भागिले 86,400 कर बघू."

कॅल्क्युलेटरवर आकडे उमटले: 0.00001157. हर्ट्झमध्ये तेवढंच, म्हणजे माझेच 11.57 मायक्रोहर्ट्झ. दिवसाचे सेकंद 86,400. दर चोवीस तासांनी सूर्य मावळत होता, माझी नोंद तुटत होती, आणि ते तुटणंच शिखर होऊन आलेखात बसलं होतं. मी तिथेच बाकावर बसले आणि मला कंदील धरलेले नाना आठवले. दुसरं पत्र लिहायला मला महिना लागला.

रात्रीवर उपाय शोधणारे लोक आधीपासून होते. 1980च्या सुमारास ग्रेक, फोसा आणि पोमरान्त्झ थेट दक्षिण ध्रुवावर गेले. तिथल्या उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. त्यांना पाच दिवसांची सलग नोंद मिळाली आणि केवढं काही दिसलं! मग 1995 मध्ये 'गाँग' हे जाळं सुरू झालं. सहा दुर्बिणी पृथ्वीभोवती अशा मांडल्या की एकीवर सूर्य मावळायच्या आत दुसरीवर तो वर आलेला असावा. ऑस्ट्रेलियातलं लर्मन्थ आणि कॅनरी बेटांवरचं तैदे यांच्यामधली जागा आपलं उदयपूर भरतं. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे ढग आले की आलेखात खिंड पडायची. मी खान्देशातली, पावसाची वाट बघत वाढलेली. पण तेवढे दोन महिने उदयपूरच्या आभाळावर माझा जीव टांगलेला असायचा.

सलग नोंदींनी जे दिलं ते मोठं आहे. सूर्याचा वरचा खळबळता थर केंद्रापासून 71 टक्के त्रिज्येवर संपतो, हे सर्बानी बसू आणि मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे एच. एम. अंतिया यांनी 1997 मध्ये फार बारकाईनं मोजून दाखवलं. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो न्यूट्रिनोंचा, म्हणजे सूर्याच्या गाभ्यातून निघणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा प्रश्न. पृथ्वीवर गणितापेक्षा कमी न्यूट्रिनो सापडत होते आणि कित्येकांचा संशय सूर्याच्या गणितावरच होता. आमच्या कंपांनी सांगितलं की सूर्याच्या आत ध्वनीचा वेग गणिताशी जवळजवळ तंतोतंत जुळतो, गणितात खोट नाही. पुढे 2001-02 मध्ये कॅनडातल्या सडबरी प्रयोगानं दाखवलं की न्यूट्रिनो वाटेत आपली जात बदलतात, म्हणून मोजणीत कमी भरत होते. त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले.

नाना आता नाहीत. या मे महिन्यात घरी गेले होते. शेताला आठवडाभर रात्रीची लाईट, म्हणून भाऊ दहा वाजता बॅटरी घेऊन केळीला पाणी द्यायला निघाला. माय अंगणात खाटेवर होती.

"आते सूर्य कोठे शे व?"

"चिलीवर. तिथे आता दुपार आहे."

"तठे कोन देखस त्याले?"

"आमनाच लोके," मी म्हणाले.