पत्र आले, पण ते पाठवले कोणी?

सोलापुरातील एका सरकारी कार्यालयात मी 31 वर्षे आवक-जावक विभाग सांभाळला. सकाळी टपालाचा गठ्ठा आला की प्रत्येक पाकीट फोडायचे, तारखेचा शिक्का मारायचा, नोंदवहीत क्रमांक घालायचा, आणि आपल्या कार्यालयाच्या कोणत्या जावक पत्राला हे उत्तर आले आहे ते शोधून कागद त्या धारिकेला लावायचा, असे ते काम होते. त्या कामाने मला एक सवय लावली. पत्रातील मजकूर वाचण्याआधी मी त्याचा संदर्भ पाहते. गेल्या जानेवारीत ही सवय शेजारच्या घरात उपयोगी पडली. ती दोन आठवडे आधी उपयोगी पडली असती तर त्या कुटुंबाचे पैसे वाचले असते, याची खंत मनात आहे, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

शेजारच्या वहिनींचे यजमान अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी, असे आपल्या पूर्व भागातील पुष्कळ घरांसारखे त्यांचे घर आहे. मुलीने जीएनएम हा परिचारिकेचा अभ्यासक्रम पूर्ण करून दोन वर्षे रुग्णालयात काम केले आहे आणि कॅनडाला जाण्याची तिची मनापासून इच्छा आहे. सिद्धेश्वरांच्या यात्रेतील अक्षता सोहळ्याच्या आदल्या संध्याकाळी वहिनी मोबाईल घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ताई, पोरीचा व्हिसा मंजूर झालाय म्हणे. उद्या दुपारपर्यंत चौसष्ट हजार भरायला सांगितलेत. तुम्ही सरकारी कागद ओळखता, एकदा बघा."

ईमेल दिसायला चांगला होता. वर कॅनडाच्या झेंड्यातील मॅपलचे पान, खाली गोल शिक्का, सही, मुलीचे नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, सगळे अचूक. सोबत तिच्या छायाचित्रासह वर्क परमिटची पीडीएफ जोडलेली होती. 64,000 रुपये ही "परत मिळणारी सुरक्षा ठेव" आहे आणि मुदतीत न भरल्यास मंजुरी रद्द होऊन पाच वर्षे बंदी येईल, असा मजकूर होता. मी मुलीला एकच गोष्ट विचारली, "या कार्यालयाकडे तू अर्ज कोणत्या तारखेला केलास?" ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मावशी, अर्ज असा नाही केला. नोकरीच्या एका वेबसाइटवर बायोडाटा टाकला होता, मग त्यांचाच फोन आला. फाईल उघडायचे म्हणून साडेअठरा हजार मागच्या पंधरवड्यात भरले."

माझ्या दृष्टीने तपासणी तिथेच संपली होती. जिची जावक नाही अशी आवक आमच्या टेबलावर आली की आम्ही ती बाजूला काढत असू. मागणीच गेली नाही आणि मंजुरी मात्र आली, असे कोणत्याही देशाच्या कार्यालयात घडत नाही. कॅनडाच्या इमिग्रेशन विभागाकडे अर्जदाराला स्वतःचे ऑनलाइन खाते उघडावे लागते, अर्ज आणि शुल्क त्या खात्यातून जाते, शुल्काची पावती मिळते, बोटांचे ठसे आणि छायाचित्र देण्यासाठी पत्र येते, आणि एका व्यक्तीचे बायोमेट्रिक शुल्क 85 कॅनेडियन डॉलर आहे. यांपैकी एकही पायरी त्या मुलीने चढलेली नव्हती. व्हिसा पासपोर्टच्या पानावर चिकटवला जातो आणि त्यासाठी पासपोर्ट जमा करावा लागतो; तिचा पासपोर्ट तर कपाटातच होता. शिवाय भारतातून अर्ज करणाऱ्याला आधी अर्ज मंजूर झाल्याचे परिचयपत्र मिळते आणि प्रत्यक्ष वर्क परमिट कॅनडात उतरल्यावर तिथला सीमा अधिकारी देतो. म्हणजे सोलापुरात बसलेल्या माणसाच्या मोबाईलवर छायाचित्रासह तयार वर्क परमिट येणे हीच गोष्ट खोटेपणाची साक्ष होती.

तरीही वहिनींचे समाधान व्हावे आणि मुलीला पुढच्या वेळी स्वतः पाहता यावे, म्हणून आम्ही तो ईमेल ओळीओळीने तपासला. पाठवणाऱ्याच्या जागी "कॅनडा इमिग्रेशन, व्हिसा विभाग" असे नाव दिसत होते. हे नाव म्हणजे पाकिटाच्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेली ओळ असते आणि तिथे कोणीही काहीही लिहू शकतो. नावावर बोट ठेवल्यावर खरा पत्ता उघडला. त्यात कॅनडा होते, व्हिसा होते, सरकारी पत्त्यात असतो तसा जीसी देखील होता, पण शेवट मात्र साध्या डॉट कॉमवर होत होता. इंटरनेटवरील पत्ता शेवटाकडून वाचायचा असतो, जसे आपण पाकिटावर आधी जिल्हा आणि तालुका पाहतो आणि मग घर. "जिल्हाधिकारी कार्यालयाशेजारी" असे पत्त्यात लिहिल्याने एखादे दुकान जिल्हाधिकारी कार्यालय होत नाही; त्याचप्रमाणे सरकारी वाटणारे शब्द सुरुवातीला किंवा मध्ये असून उपयोग नाही, ते अगदी शेवटी असले पाहिजेत. कॅनडा सरकारच्या विभागांचे पत्ते डॉट जीसी डॉट सीए या अक्षरांवर संपतात किंवा थेट कॅनडा डॉट सीए असे असतात, ब्रिटन सरकारचे डॉट गव्ह डॉट यूके, अमेरिकेचे डॉट गव्ह, ऑस्ट्रेलियाचे डॉट गव्ह डॉट एयू आणि आपल्या भारत सरकारचे डॉट गव्ह डॉट इन किंवा डॉट निक डॉट इन. हे शेवट बाजारात विकत मिळत नाहीत. डॉट कॉम, डॉट ऑर्ग किंवा डॉट इन मात्र काहीशे रुपयांत कोणालाही घेता येतो.

या कसोटीच्या दोन मर्यादा मी मुलीला मुद्दाम सांगितल्या, कारण अर्धवट कसोटी माणसाला खोटा धीर देते. पहिली अशी की काही खरे ईमेल सरकारी पत्त्यावरून येतच नाहीत. अनेक देशांचे अर्ज आणि पासपोर्ट स्वीकारण्याचे काम व्हीएफएस ग्लोबलसारख्या कंपन्या करतात आणि अपॉइंटमेंटचे निरोप त्यांच्या स्वतःच्या पत्त्यावरून येतात. या कंपन्या कागद गोळा करतात आणि पोहोचवतात; व्हिसा द्यायचा की नाही हा निर्णय त्यांचा नसतो, त्यामुळे त्यांच्या नावाने कोणी मंजुरीचे आश्वासन देत असेल तर ते खोटे समजावे. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. पाठवणाऱ्याचा पत्ता बनावटही दाखवता येतो. संगणकावर जीमेल उघडून त्या ईमेलच्या तीन टिंबांच्या यादीतून "शो ओरिजिनल" निवडले की एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन तपासण्यांचे निकाल दिसतात. त्यांत "फेल" असेल तर तो ईमेल त्या पत्त्यावरून आला असे धरूच नये. "पास" असेल तर तो दिसणाऱ्या पत्त्यावरूनच आला, एवढेच सिद्ध होते. तो पत्ता मुळात एखाद्या ठगाचा असेल तर ठगाच्या पत्त्यावरून ठगाचाच ईमेल आला, हे "पास"मधून कळत नाही. या फसव्या ईमेललाही तिन्ही ठिकाणी "पास" मिळालेले होते.

म्हणून माझा भर आमच्या कार्यालयातील जुन्या रीतीवर आहे. एखाद्या पत्राची शंका आली की आमचे अधिकारी त्या पत्रावर छापलेल्या क्रमांकावर कधीच फोन करत नसत. कार्यालयाच्या स्वतःच्या दूरध्वनी पुस्तिकेतून क्रमांक काढून मूळ कार्यालयाला विचारत. ईमेलच्या बाबतीतही तेच करावे. त्यातील दुवा दाबू नये, दिलेला क्रमांक फिरवू नये, उत्तर पाठवू नये. ब्राउझरमध्ये सरकारी संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाईप करावा, आपल्या खात्यात जावे आणि तोच निरोप तिथे आहे का ते पाहावे. कॅनडाचा अर्ज क्रमांक एक इंग्रजी अक्षर आणि पुढे नऊ अंक असा असतो. मुलीच्या पत्रातील क्रमांकात तिरप्या रेघा, वर्ष आणि देशाचे नाव होते, जणू आपल्याकडच्या एखाद्या परिपत्रकाचा क्रमांक.

आता पैशांविषयी. पहिले 18,500 रुपये फाईल उघडण्यासाठी म्हणून घेतले होते, पण पावतीवर "एलएमआयए शुल्क" असे लिहिले होते. कॅनडातील मालकाला स्थानिक माणूस मिळत नसल्यास परदेशी कामगार घेण्यासाठी तिथल्या सरकारची जी मंजुरी लागते, तिला एलएमआयए म्हणतात. तिचे शुल्क दर जागेमागे 1,000 कॅनेडियन डॉलर असते, ते मालकाने भरायचे असते आणि कामगाराकडून वसूल करण्यास त्याला मनाई आहे. ही एक गोष्ट माहीत असती तरी तो पहिला हप्ता गेला नसता. पैसे गेले होते एका व्यक्तीच्या बचत खात्यात. यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर खातेदाराचे नाव दिसते. परदेशातील सरकारी विभागाचे शुल्क भारतातील एखाद्या माणसाच्या नावावर जमा होत असेल, तर बोट तिथेच थांबले पाहिजे. परिचारिकेच्या नोकरीसाठी कॅनडात त्या त्या प्रांताच्या नियामक संस्थेची नोंदणी लागते, तिचा त्या पत्रात उल्लेखही नव्हता.

परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठी आपल्याकडे कायद्याचे थोडे संरक्षण आहे आणि ते लोकांना माहीत नसते, याचे मला वाईट वाटते. 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर कोणालाही पाहता येते, आणि सेवाशुल्काची मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढी आहे. परिचारिकांना तर आखातातील देशांसह ठरावीक 18 देशांत नोकरीला जाण्यासाठी 2015 पासून उत्प्रवास परवानगी बंधनकारक आहे. ब्रिटनबाबत, तिथे परदेशी कर्मचारी बोलावण्याचा परवाना असलेल्या संस्थांची यादी सरकार जाहीर करते; तीत नाव सापडले तरी खऱ्या संस्थेच्या नावाने खोटे पत्र निघू शकते, म्हणून तिच्याशीही स्वतः शोधलेल्या मार्गानेच बोलावे. अमेरिकेच्या ग्रीन कार्ड लॉटरीत निवड झाल्याचे ईमेल येतात, ते तर सरळ पुसून टाकावेत. तिथले परराष्ट्र खाते निवडीची सूचना ईमेलने देत नाही, आणि अमेरिकेत जाणाऱ्यांची संख्या मोठी असल्यामुळे भारतात जन्मलेल्यांना त्या लॉटरीत सहसा भागच घेता येत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही 1930 या क्रमांकावर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. व्यवहाराचा क्रमांक, खातेदाराचे नाव आणि ईमेल जपून ठेवलेला असल्यामुळे तक्रार लगेच घेतली गेली. पण दोन आठवडे उलटले होते. अशी रक्कम एका खात्यातून दुसऱ्या आणि दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात झपाट्याने हलवली जाते, आणि ती गोठवायची असेल तर पहिल्या काही तासांत कळवावे लागते. वहिनींचे पैसे अजून परत आलेले नाहीत. त्यांच्या यजमानांनी मुलीला एका शब्दानेही दोष दिला नाही, हे मला फार मोठे वाटले, कारण लाजेपोटी गप्प बसणारी घरे मी पाहिली आहेत आणि त्या गप्प बसण्यात तक्रारीची वेळ निघून जाते.

मुलीला मी दोनशे पानी वही आणून दिली आणि पहिल्या पानावर रकाने आखून दिले : जावक क्रमांक, तारीख, कोणाला, काय पाठवले, शुल्क, पावती, उत्तर. ती आता इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करते आहे आणि शैक्षणिक कागदपत्रांच्या मूल्यमापनासाठी तिने स्वतः अर्ज केला आहे. गेल्या आठवड्यात एक ईमेल आला, प्रशिक्षणाच्या गुणपत्रिकेची प्रत हवी असल्याचा. तिने आधी वही उघडली, जावक क्रमांक 3 शी संदर्भ जुळवला, ईमेलमधील दुव्याला हात न लावता त्या संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतंत्रपणे गेली, खात्यात तोच निरोप तोच अर्ज क्रमांक घेऊन थांबलेला पाहिला, आणि मग उत्तराच्या रकान्यात तारीख लिहून गुणपत्रिका पाठवली.