मोडी वाचन, आजोळचा रुमाल: ‘मयातैन’ची गाठ सुटली!

आजोळी सापडलेल्या रुमालातले, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातले, जुने मोडी कागद मी वाचतोय. काल रात्री सातव्या कागदाची सतरावी ओळ लागली. तीन आठवडे हा एकच सन छळत होता.

मागच्या नोंदीत लिहिलंच होतं, सातवा कागद म्हणजे इनाम कमिशनपुढे (इनामाच्या, म्हणजे सारामाफीच्या, जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजी मंडळापुढे) दिलेली कैफियत, लेखी निवेदन. शेवटी तारीख स्वच्छ आहे: माहे दिसंबर, सन १८५४ इसवी, शेजारी फसली १२६४. फसली या महसुली सनात ५९० मिळवले की इसवी १८५४-५५, दोन्ही जुळतात. पण मधल्या मजकुरात सनदेचा (इनाम दिल्याच्या लेखी हुकुमाचा) उल्लेख येतो आणि तिथला अरबी शब्दांत लिहिलेला सन मी वाचत होतो ‘सीत सितैन मयातैन व अलफ’. सहा, साठ, दोनशे, हजार. १२६६. या अरबी सनात ५९९ मिळवायचे, म्हणजे १८६५-६६. चोपन्न साली लिहिलेल्या कागदात अकरा वर्षं पुढची सनद कुठून येणार?

आधी खालच्या तारखेवरच संशय घेतला. मोडीतले आकडे घाईत एकमेकांसारखे दिसतात, म्हणून १८६६ बसवायचा प्रयत्न केला. त्यात आठवडा गेला, कारण फसली सन कुठेच वाकेना. मग ‘सितैन’वर गेलो. ते ‘सबैन’ किंवा ‘समानीन’ असतं तर सन आणखीच पुढे गेला असता.

मोबाईलच्या स्कॅन ॲपबद्दल इथे एकदा स्पष्ट लिहितो: कागद ‘उजळ’ करणारा पर्याय मोडीसाठी वापरू नका. तो फिकट शाईच्या बारीक रेघा पुसून टाकतो, आणि मोडीत सगळा अर्थ त्या रेघांतच असतो. साधा फोटो, खिडकीतून तिरपा उजेड आणि भिंग, एवढंच खरं. ऑनलाइन मागवलेले तयार बोरूही मला पटले नाहीत. टोक फार रुंद आणि चीर मधोमध नाही. शेवटी वेताचा तुकडा घेऊन स्वतः तासला.

त्या बोरूनंच काम केलं. ओळ नुसती बघून कंटाळलो, तेव्हा तीच ओळ त्याच वेगानं लिहायला घेतली. आधी आडवी शिरोरेषा पूर्ण ओढून घेतली आणि मग हात न उचलता अक्षरं खाली सोडली. ‘मया’ झालं, ‘व’ची गाठ मारली आणि शाई संपत आली म्हणून तसाच पुढे ‘अलफ’च्या ‘अ’मध्ये घुसलो. वर पाहतो तर माझ्या कागदावर हुबेहूब ती आकृती! ज्याला मी ‘तैन’ म्हणत होतो ती ‘व’ची गाठ आणि ‘अ’ची सुरुवात होती, एकमेकांत गुंतलेली.

खात्रीसाठी तिसरा कागद काढला. त्यात ‘खमस अशरीन मयातैन व अलफ’ आहे, १२२५, म्हणजे १८२४-२५. (कंपनीचा अंमल येऊन सहा वर्षं झाली तरी कारकून अरबी सनच लिहीत होते, हे मला फार आवडतं.) खरं ‘मयातैन’ शेजारी ठेवलं आणि फरक लख्ख दिसला: तिथे ‘त’साठी हात वर जाऊन पुन्हा खाली येतो, आणि त्यानंतरचा ‘व’ वेगळा उभा आहे.

तर सन ‘सीत सितैन मया व अलफ’. ११६६. पुढे ‘छ २७ रबिलावल’ (छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख), म्हणजे सप्टेंबर १७६५ चा मध्य. थोरले माधवराव गादीवर होते! कैफियत देणाऱ्यानं घरातल्या सनदेची नकल मजकुरात उतरवली होती.

आता तो कागद वाचवत नाही. फेब्रुवारी १८१८ मध्ये कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन यानं साताऱ्याहून जाहीरनामा काढला होता की वतनं, इनामं चालू राहतील. १८५२ च्या अकराव्या कायद्यानं तीच इनामं सिद्ध करण्याचं ओझं भोगवटेदारावर टाकलं. पडताळणीला लागणारं पेशव्यांचं दप्तर सरकारच्याच ताब्यात. या माणसाकडे होती फक्त जवळजवळ नव्वद वर्षांची सनद, आणि तिचा सन त्यानं आपल्या हातानं पुन्हा लिहिला. ‘वडिलोपार्जित चालत आलें आहे’ हे वाक्य या एका कागदात चार वेळा आहे. चौथ्यांदा बोरू इतका दाबलाय की शाई पाठीमागे उतरली आहे.

पुढचा बेत कागद ओळीनं वाचायचा होता. म्हणजे आता आठवा. पण हे लिहिता लिहिताच ठरवलं, सरळ बाराव्यावर जातो. त्यावर खाली इंग्रजी सही आहे आणि मजकुरात एकर-गुंठे दिसतात, सातव्यात मात्र बिघे आहेत. म्हणजे तो इंग्रजांची जमीन-पाहणी (मोजणी) झाल्यानंतरचा. इंदापुरातून १८३५-३६ ला सुरू झालेली गोल्डस्मिड-विंगेटची मोजणी आणि साराआकारणीची पद्धत या गावात पोचल्यावरचा. इनाम राहिलं की शेतसारा बसला, ते त्यातच असणार. बिघ्याचा आकार जागोजाग बदलतो, तेव्हा थेट गुणाकार करून जमीन तीच आहे असं म्हणता येणार नाही. चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी, जुळवाव्या लागतील. सातव्यात पूर्वेला ओढा आणि दक्षिणेला महारकीची (महार वतनाची) जमीन लिहिली आहे.

बाराव्याची पहिली ओळ आत्ताच भिंगाखाली धरली. ‘ओढा’ आहे.