दीडशे ग्रॅमचा लुअर : आमची वाटचाल

सावंतवाडीची लाकडी खेळणी सगळ्यांना माहीत आहेत. लेथवर लाकूड अचूक उतरवणारे हात या भागात आहेत, म्हणूनच आमचा लुअरचा, म्हणजे मासे गरवायच्या लाकडी नकली आमिषाचा, छोटा कारखाना इथे उभा राहू शकला. सुरुवात खाडीतल्या चोणक माशासाठी लागणाऱ्या ९ ते १२ सेंटिमीटरच्या लुअरने झाली. पुढे गरवणाऱ्यांपैकी काही जण जायंट ट्रेव्हॅली या मोठ्या समुद्री माशासाठी अंदमानला जाऊ लागले आणि १५० ग्रॅमच्या आसपासचे पॉपर (वाटीसारख्या तोंडाने पाण्यावर आवाज करणारे लुअर) आणि स्टिकबेट (सडपातळ, डोलत जाणारे लुअर) मागू लागले. आज आमचं मुख्य काम तेच आहे.

मोठा लुअर म्हणजे लहान लुअरची वाढवलेली प्रत नव्हे. १२ सेंमी लांब, ३० ग्रॅमचा लुअर सगळ्या बाजूंनी दुप्पट केला की वजन आठपट होतं, म्हणजे २४० ग्रॅम. असे लुअर फेकायच्या बहुतेक गळकाठ्यांना, म्हणजे पॉपिंग रॉडना, ते झेपत नाही. त्याच वेगाने ओढला तर पाण्याचा विरोधही चौपट होतो आणि ओढणाऱ्याचे खांदे तासाभरात भरून येतात. म्हणून आम्ही लांबी वाढवतो, जाडी मात्र आवरती ठेवतो. आमच्या नेहमीच्या मापात लांबी १८ सेंमी आणि सर्वांत जाड जागी व्यास ४० मिलिमीटर असतो. दोन्हीकडे निमुळता केल्यावर घनफळ साधारण १५० घनसेंमी भरतं.

पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर चालतो. समुद्राचं पाणी घनसेंमीला १.०२५ ग्रॅम, म्हणजे पूर्ण बुडालेला हा लुअर १५४ ग्रॅम पाणी बाजूला सारतो. याहून हलका असेल तर तरंगतो, जड असेल तर बुडतो. शिवणीचं सुकं लाकूड घनसेंमीला ०.४८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे लाकडाचे ७२ ग्रॅम. तार, इपॉक्सी (लाकडावर चढवायचं कडक होणारं रेझिन) आणि रंगाचे १०, दोन हुक आणि रिंगांचे ३०. एकूण ११२. पॉपर तरंगायला हवा, पण शेपूट खाली ठेवून, म्हणून त्याचं एकूण वजन १३० च्या जवळ आणतो, म्हणजे शेपटीत १८ ग्रॅम शिसं. सावकाश बुडणारा स्टिकबेट हवा असेल तर १६५, म्हणजे पोटात ५३ ग्रॅम. लाकडाच्या प्रत्येक ओंडक्याची घनता वेगळी असते, त्यामुळे हे आकडे सुरुवातीपुरते. लेथवरून उतरलेला प्रत्येक तुकडा आम्ही वजन करून त्यावर पेन्सिलीने लिहून ठेवतो.

शिवण आम्ही विचार करूनच निवडली. पांगारा हलका असतो, पण इतका मऊ की ट्रेव्हॅलीच्या जबड्यात दबतो. सागवान टिकतं, पण जड असल्यामुळे शिसं नेमकं हवं तिथे घालायला वजनाची मुभाच उरत नाही. शिवण मधली आहे, सुकल्यावर फारशी वाकत नाही आणि पॉलिश पेपरने छान गुळगुळीत होते. ओलावा १२ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय आम्ही तिला लेथवर चढवत नाही.

लहान लुअरमध्ये चालणारी स्क्रूची कडी इथे पूर्ण वर्ज्य. मोठा मासा झटका देतो तेव्हा मऊ लाकडातले आटे सुटतात आणि हुकासकट कडी बाहेर येते. आम्ही ३१६ ग्रेडची २ मिलिमीटर स्टेनलेस तार तोंडापासून शेपटीपर्यंत एकसंध घालतो. पोटाच्या खालून १२ मिलिमीटरचं भोक पाडून स्विव्हल (हुक अडकवायची फिरती कडी) आत सोडायचा आणि तार त्याच्या डोळ्यातून पुढे न्यायची. लाकूड फुटलं तरी मासा तारेवर राहतो. दोन्ही टोकांच्या वळ्यांना किमान चार घट्ट वेढे हवेत. ३०४ ग्रेडची तार स्वस्त पडते, पण खाऱ्या पाण्यात तिच्यावर गंजाचे ठिपके येतात आणि ते नेमके वेढ्यांत, जिथे दिसत नाहीत.

शिसं लाकडात थेट ओतू नये. ३२७ अंशांना वितळणारं शिसं लाकूड करपवतं आणि थंड होताना आकसून सैल होतं, मग लुअर फेकताना खुळखुळतो. आम्ही १२ मिलिमीटर व्यासाची कांडी साच्यात ओततो. तिच्या प्रत्येक सेंटिमीटरला पावणेतेरा ग्रॅम भरतात, त्यामुळे हवं ते वजन लांबी मोजून कापता येतं. कांडी इपॉक्सीत बसवायची, शक्य तितकी पोटाच्या खालच्या बाजूला. ओतताना साचा कोरडाठाक हवा आणि खिडक्या उघड्या. पाण्याचा एक थेंबसुद्धा वितळलेलं शिसं अंगावर उडवतो.

शिशासाठी भोक पाडण्याआधी बादलीत लिटरला ३५ ग्रॅम मीठ घालून तोल पाहायचा. सीलर (लाकडात पाणी शिरू न देणारा लेप) लावलेला लुअर सगळे हुक लावून पाण्यात सोडायचा आणि शिसं बाहेरून रबरबँडने बांधून पुढेमागे सरकवायचं. स्टिकबेटमध्ये वजन शेपटीकडे गेलं की फेक लांब जाते पण डोलणं मरतं. आमच्या मते डोलणं महत्त्वाचं, मासा त्याच्यासाठी वर येतो. ५० ग्रॅम शिसं बाहेर बांधलेलं असताना जे दिसतं त्यापेक्षा आत बसवल्यावर लुअर साधारण अडीच ग्रॅमने जड पडतो, कारण शिशाच्या जागी आता पाणी नाही, लाकूड गेलेलं असतं. तेवढं आधीच वजा करायचं.

पॉपरच्या तोंडाची वाटी ४० मिलिमीटर रुंद आणि १० ते १२ खोल ठेवतो. याहून खोल केली तर आवाज मोठा येतो, पण दिवसभर ओढवत नाही. दोरा बांधायची कडी मध्यापेक्षा किंचित खाली हवी. ती वर गेली की पॉपर नाक खुपसून बुडी मारतो.

रंगकामाचं वेळापत्रक कोकणचा पाऊस ठरवतो. हवेत ओलावा खूप असला की इपॉक्सीवर पांढरट, तेलकट थर येतो आणि पुढचा हात धरत नाही. असा थर कोमट पाण्याने धुऊन, घासूनच पुढचा हात द्यावा लागतो. म्हणून जून ते सप्टेंबर फक्त लाकूडकाम आणि तारकाम, रंग दिवाळीच्या सुमारास. शेवटचे हात सुकताना लुअर चाकावर सावकाश फिरत ठेवतो, नाहीतर इपॉक्सी पोटाकडे ओघळून तोल बिघडवते. हुक झुलून जिथे घासतात तिथे एक हात जास्त. पाणी आत शिरायला सुरुवात बहुतेकदा तिथूनच होते. तयार लुअर २४ तास पाण्यात बुडवून पुन्हा वजन करतो, आणि वजन १ ग्रॅमहून जास्त वाढलं तर तो विकत नाही.

मागणी नोंदवताना आम्ही तीन गोष्टी विचारतो: रॉडची फेकमर्यादा (किती वजन फेकता येतं), समुद्र की नदी, आणि ट्रेबल (तीन टोकांचा) हुक की सिंगल. गोड्या पाण्यात याच लुअरला वर उचलणारा पाण्याचा आधार पावणेचार ग्रॅमने कमी होतो, म्हणून महसीर या नदीतल्या माशासाठी शिसं वेगळं लागतं. मासा सोडून देणाऱ्यांनी हुकच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून घ्यावा. पुढे हुक बदलायचे झाले तर जुन्यांचं वजन करून नवे दोन ग्रॅमच्या फरकाच्या आतले घ्यावेत. त्यासाठी प्रत्येक लुअरच्या पोटावर एकूण वजन आणि हुकांचं वजन आम्ही वेगवेगळं लिहितो.