बातमी-वही: चिंचोळ्या जलवाटा आणि एफवायचं अर्थशास्त्र

या सत्रात वहीत एकच धागा धरलाय: समुद्रावरच्या चिंचोळ्या वाटा. सुएझ, पनामा, आणि सुएझकडे नेणाऱ्या तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाशी असलेली बाब-अल-मांदेब सामुद्रधुनी. रोज दहा बातम्यांच्या दोन-दोन ओळी उतरवायची पद्धत बंद केली. त्यात वही भरते आणि डोकं रिकामं राहतं. आता डाव्या पानावर बातमी, उजव्या पानावर तिला विचारलेला एक प्रश्न, आणि उत्तर सापडेपर्यंत पान उलटायचं नाही. प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: मग दुसरीकडून का जात नाहीत?

सुरुवात तांबड्या समुद्रापासून झाली. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हूथींनी तिथल्या मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू केले आणि मोठ्या कंपन्या आपली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून नेऊ लागल्या. 'दहा ते चौदा दिवस जास्त' हा आकडा तेव्हा जिथे-तिथे छापून येत होता. तो नुसता उतरवण्यापेक्षा पडताळून पाहिला. सिंगापूर ते रॉटरडॅम हा प्रवास सुएझऐवजी केप ऑफ गुड होपवरून केला, तर साधारण साडेतीन हजार सागरी मैल वाढतात. जहाज १५ नॉटने, म्हणजे तासाला १५ सागरी मैल चाललं, तर २३३ तास. पावणेदहा दिवसांच्या आसपास. भूमध्य समुद्रातल्या बंदरांना जायचं असेल तर जिब्राल्टरमधून पुन्हा आत शिरावं लागतं, मग फरक आणखी वाढतो. असं एखादं गणित स्वतः केलं की तो आकडा विसरायला होत नाही.

एक सूचना: हे मोजमाप भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर करू नका. मर्केटरच्या नकाशात ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळजवळ सारखे दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका चौदापट मोठी आहे. पृथ्वीगोल घ्या आणि त्यावर दोरा ताणा. केपचा वळसा किती लांबलचक आहे हे तेव्हा बोटांना कळतं.

सुएझच्या पानांवर सगळ्यात जास्त दिवस रेंगाळले. कालवा १८६९ साली खुला झाला, लांबी सुमारे १९३ किलोमीटर. २६ जुलै १९५६ रोजी इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी त्याचं राष्ट्रीयीकरण केलं, कारण अमेरिका आणि ब्रिटनने आस्वान धरणासाठी देऊ केलेला पैसा मागे घेतला होता. हे इतिहासाच्या पुस्तकात असतंच. पुस्तकात नसतं ते असं की त्याच वर्षी, तीन महिने आधी, २६ एप्रिलला 'आयडियल एक्स' नावाचं जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेत नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं होतं. कंटेनर वाहतुकीची सुरुवात तिथून मानतात. त्या वर्षी कालव्याच्या बातमीने जग हादरलं आणि या जहाजाकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नसावं. पुढे मार्च २०२१ मध्ये या दोन्ही गोष्टींची गाठ पडली: वीसेक हजार कंटेनरची क्षमता असलेलं, ४०० मीटर लांबीचं 'एव्हर गिव्हन' सुएझमध्ये आडवं अडकलं. २३ तारखेला रुतलं, २९ तारखेला निघालं. टगबोटी आणि गाळ उपसणारे ड्रेजर होतेच, पण पौर्णिमेच्या उधाणाचाही हातभार लागला. चर्चेत हे शेवटचं क्वचितच आलं, म्हणून मी ते वहीत लाल पेनाने लिहून ठेवलंय.

मात्र माझं सगळ्यात आवडतं पान १९६७ चं आहे. जूनमधल्या इस्रायल-अरब युद्धात कालवा बंद झाला तो थेट ५ जून १९७५ ला उघडला. मधली आठ वर्षं चौदा जहाजं कालव्याच्या वाटेवरच्या ग्रेट बिटर सरोवरात अडकून पडली. वाळवंटातली वाळू बसून बसून त्यांचा रंग पिवळा पडला, म्हणून त्यांना 'यलो फ्लीट' म्हणू लागले. शीतयुद्धात एकमेकांसमोर उभ्या असलेल्या देशांची ही जहाजं, पण खलाशांनी मिळून संघटना काढली, १९६८ मध्ये आपापसात खेळांच्या स्पर्धा भरवल्या, हाताने टपाल तिकिटं बनवली. कालवा उघडल्यावर त्यांतली फक्त दोन जर्मन जहाजं स्वतःच्या इंजिनावर घरी पोचली. तिकिटं जमवणाऱ्यांना हे आधीपासून ठाऊक असेल. मला नव्हतं, आणि त्या नादात बराच अभ्यास बाजूला राहिला.

बाजूला राहिला म्हणावं तर तोही इथेच सापडला. सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पेपरात प्रत्येक नियमाच्या आधी एक शेपूट असतं: 'इतर परिस्थिती कायम असताना'. वर्गात सगळे हे वाक्य मंत्रासारखं म्हणतात. खऱ्या जगात इतर परिस्थिती कधी कायम राहते, असं मनात आल्याशिवाय राहत नाही. तर जेम्स फेरर या अर्थतज्ज्ञाने नेमका सुएझचा हा बंद काळ घेतला. कालवा बंद होताच भारत-ब्रिटन सागरी अंतर एकदम वाढलं, ब्रिटन-अमेरिका होतं तेवढंच राहिलं. ज्या देशांचा त्या युद्धाशी संबंध नव्हता त्यांच्यासाठी फक्त अंतर बदललं, तेही दोनदा: बंद होताना वाढलं, उघडताना कमी झालं. अंतराचा व्यापारावर काय परिणाम होतो हे तपासायला याहून चांगली संधी कुठून मिळणार? प्रयोगशाळा नसलेल्या विषयात याला 'नैसर्गिक प्रयोग' म्हणतात. ते वाचल्यापासून त्या शेपटाचा कंटाळा गेला. आता बातमी वाचताना उजव्या पानावर दुसरा प्रश्नही येतो: यात नक्की काय बदललं आणि काय तसंच राहिलं?

पनामाचं पान अजून अर्धंच आहे, पण ते अगदी वेगळं आहे. सुएझला लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली करणारे दरवाजेबंद हौद, नाहीत. दोन्हीकडच्या समुद्रांची पातळी जवळपास सारखी. पनामात जहाज समुद्रसपाटीपासून २६ मीटर वर असलेल्या गाटुन सरोवरात चढवायचं आणि पलीकडे उतरवायचं. दर खेपेला सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं, आणि त्याच सरोवरातून माणसांना पिण्याचं पाणीही मिळतं. २०२३ साली एल निनोमुळे पाऊस कमी पडला. तिथला ऑक्टोबर १९५० पासूनचा सर्वांत कोरडा ठरला आणि रोज छत्तीसएक जहाजं सोडणाऱ्या कालव्याला ती संख्या बरीच खाली आणावी लागली. म्हणजे एकाच हिवाळ्यात एक वाट क्षेपणास्त्रांनी अडवली आणि दुसरी न पडलेल्या पावसाने. ज्यांना 'मग दुसरीकडून' जायचं होतं, त्यांची दुसरी वाटही अरुंद झाली होती. (गंमत म्हणून: अटलांटिकमधून पॅसिफिकला जाणारं जहाज पनामातून बाहेर पडतं ते आत शिरलं त्याच्या पूर्वेला. पृथ्वीगोलावर बघा, खरंच आहे.)

टीव्हीवरच्या चर्चांचा या वहीला काहीच उपयोग झाला नाही. तासभर आरडाओरडा आणि मागे प्रमाणपट्टीसुद्धा नसलेला नकाशा. त्यापेक्षा जहाज वाहतुकीच्या व्यापारी बातम्या रुक्ष असतात, पण त्यात मार्ग, भाडं, विमा असं धरता येण्याजोगं काहीतरी असतं. संपादकीय लेख आठवड्यातून दोनच वाचते, आणि शक्यतो एकमेकांविरुद्ध मतांचे.

पुढचं पान बॉस्फोरसचं, म्हणजे काळ्या समुद्राकडे जाणाऱ्या तुर्कस्तानातल्या सामुद्रधुनीचं. १९३६ च्या माँट्रो कराराने तिथून युद्धनौका कुणी आणि कधी न्यायच्या हे ठरवलंय, आणि २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर तुर्कस्तानने तो करार बाहेर काढला. प्रश्न लिहून झालाय: कालवा माणसाने खणलेला, म्हणून तिथे टोल घेता येतो, मग निसर्गाने दिलेल्या सामुद्रधुनीवर हक्क कुणाचा? आंतरराष्ट्रीय कायद्याचा पेपर आम्हाला पहिल्या वर्षाला नाही, त्यामुळे सोप्या मराठीत कुणाकडे काही वाचण्यासारखं असेल तर कळवा. सत्र परीक्षा संपली की त्यालाच हात घालणार आहे.