वरचा फॉर्म, खालचा फॉर्म

आमच्याकडे दोन फॉर्म असतात. वरच्यात पाणी, रस्ता, कचरा, बस. खालच्यात नवऱ्याने हात उगारला का, पैसे काढून घेतले का, असले प्रश्न. वस्तीत आम्ही ‘घर आणि प्रवास यांची पाहणी’ एवढंच सांगतो. खोटं नसतं ते, निम्मं असतं. खालचा फॉर्म एका घरात एकाच बाईचा, ती एकटी असताना, सगळं समजावून, तिच्या संमतीने. कुणी आत आलं की पान उलटायचं आणि नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारायचं. हिंसाचाराच्या पाहण्यांत ही शिस्त पाळावीच लागते, नाहीतर आपण उठून गेल्यावर भोगायचं त्या बाईला.

काम चाललं होतं इंदूरच्या बाहेरच्या अंगाला, एका मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत. कान्ह नदीकाठच्या वस्तीतल्या लोकांना इथे फ्लॅट मिळालेत. नदी साफ व्हायलाच हवी, त्यावर माझा वाद नाही. २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिला नंबर, २०२१ मध्ये देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं. आम्हा इंदूरकरांना त्याचा तोरा आहेच. पण नदीकाठच्या बायका रामबागेत पोळ्या लाटायला पायी जायच्या. आता ई-रिक्षा, मग बस.

चौथ्या मजल्यावरच्या ताई मूळच्या बऱ्हाणपूरकडच्या, घरात मराठीच. ‘गेल्या १२ महिन्यांत’ इथवर आम्ही आलो होतो.

“मारहाण? नाही हो ताई, अंगाला हात नाही लावत.”

तेवढ्यात कडी वाजली. मी पान उलटलं. “कचऱ्याची गाडी रोज येते का?”

उत्तर नवऱ्याने दिलं. “रोज. ओला वेगळा, सुका वेगळा. लिहा.” माणूस बोलका. मला खुर्ची दिली, चहा टाकायला सांगितला आणि पुढचे सगळे प्रश्न स्वतःकडे घेतले. ताई कणीक मळायला बसल्या.

“कामावरून घरी यायला यांना किती वेळ लागतो?”

“पाऊण तास. जास्त लागायचं कारणच नाही.” कॅलेंडरच्या खिळ्याला एक चिमटा अडकवलेला होता, तो त्याने काढून आणला. बसच्या तिकिटांचा गठ्ठा. मशीनचं तिकीट, त्यावर वेळ छापलेली. काहींवर बॉलपेनने रेघ. जुन्यांची शाई उडालेली, तिथे वेळ पेनाने पुन्हा लिहिलेली. विजेची बिलं दाखवावीत तसा तो एकेक दाखवत होता. “चढली कधी ते यावर, घरी आली कधी ते माझ्याकडे. उशीर झाला तर विचारायला नको का? जमाना कसा आहे, सांगा.”

ताईंची कणीक कधीच मळून झाली होती. तरी मळतच होत्या.

राहिलेला फॉर्म पुढे त्यांच्याच सोयीने, रामबागेतल्या एका ओट्यावर भरला. बस चुकली की पुढची येईपर्यंत पोटात गोळा येतो, म्हणाल्या. संध्याकाळचं एक घर त्यापायीच सोडलं. महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर त्यांनी माझ्याकडून मोबाइलमध्ये घालून घेतला, ‘गॅसवाला’ या नावाने. कल्पना त्यांचीच.

कार्यालयात नकाशा उघडला तर ती मल्टी हिरव्या रंगात. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत सार्वजनिक वाहतुकीचा एक निर्देशक आहे: बसथांबा ५०० मीटरच्या आत असला की सोय झाली. थांबा आहेच. दोन बसमध्ये किती वेळ जातो हे त्या हिरव्या रंगात कुठेच नाही. दुसरीकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) म्हणते, १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. ‘तू कुठे आहेस हे सदैव कळलंच पाहिजे’ असा हट्ट धरणारा नवरा तीच पाहणी वेगळ्या तक्त्यात मोजते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा मानसिक आणि आर्थिक छळालाही हिंसाच म्हणतो, पण बातमीत येतो तो २९.३ चा आकडा. म्हणजे ताई दोन्हीकडे सुखरूप!

एक प्रश्न वाढवायचं ठरलं: बस उशिरा आली तर घरी कुणाला हिशेब द्यावा लागतो का? तो कुठल्या फॉर्मात घालायचा यावर जोरात वाद झाला. सहकारी म्हणाले खालच्यात, हा नियंत्रणाचा प्रश्न. मी वरच्यासाठी अडून बसले. हा प्रश्न घरात कुणालाच लपवावासा वाटत नाही, असा माझा कयास होता. शेवटी आधी थोड्या घरांत विचारून पाहायचं ठरलं.

पुढच्याच मल्टीत सुनेच्या आधी सासूबाई बोलल्या, “द्यावा लागणारच की! लिहा, मला द्यावा लागतो.”